सात महालांची मालकीण

आमच्या डिलाईल रोडला आता ना. म. जोशी मार्ग म्हणतात. पण जुन्या माणसाच्या तोंडून अजूनही डिलाईल रोडच निघते, आणि मीही आता जुन्यांतच जमा आहे. तिथल्या बी. डी. डी. चाळीत माझे बालपण गेले. एकशेसाठ चौरस फुटांची एक खोली आणि तीत आम्ही नऊ माणसे. गिरणीच्या भोंग्याबरोबर एक पाळी उठायची आणि तिच्या वळकटीच्या जागेवर दुसरी पाळी आडवी व्हायची. अशा घरात एकांत हा शब्द उच्चारणेसुद्धा चैनीचे होते.

आमच्याच मजल्यावर एक ख्रिस्ती कुटुंब राहत असे, मूळचे गोव्याकडचे. दिवाळीत आईच्या हातचा करंज्यांचा डबा त्यांच्याकडे जायचा आणि नाताळात तोच डबा नेवऱ्यांनी भरून परत यायचा. करंजी आणि नेवरी या सख्ख्या बहिणी आहेत, हे मला फार लहानपणीच कळले. त्यांच्या भिंतीवर एक तसबीर होती. तपकिरी वस्त्र, वर पांढरा झगा, डोक्यावरून काळा पदर घेतलेली एक बाई. हातात पिसाची लेखणी, समोर उघडी वही आणि खांद्याजवळ एक कबुतर. दर वर्षी 15 ऑक्टोबरला तिच्यापुढे मेणबत्ती लागे. तो दिवस बहुधा नवरात्राच्या किंवा दिवाळीच्या आगेमागेच येतो, त्यामुळे माझ्या मनात ती बाई पणत्या आणि आकाशकंदिलांच्या हंगामातलीच होऊन बसली. ती गावाला पत्र लिहीत असावी आणि कबुतर ते घेऊन जाणार असावे, अशी आम्हा मुलांची पक्की समजूत होती.

ती बाई म्हणजे आव्हिलाची संत तेरेसा. हे नाव ऐकले की आपल्याला कलकत्त्याच्या मदर तेरेसा आठवतात, म्हणून आधी थोडा उलगडा करतो. पेशव्यांत जसे थोरले आणि धाकटे, तसे इथेही आहे. थोरली तेरेसा ती ही, स्पेनमधली, सोळाव्या शतकातली. धाकटी तेरेसा फ्रान्समधल्या लिझ्यू गावची. ती 1873 साली जन्मली आणि मठातच चोविसाव्या वर्षी क्षयाने वारली. मदर तेरेसांनी आपले नाव घेतले ते या धाकटीवरून, आणि धाकटी ज्या कार्मेलाइट पंथाच्या बंद मठात राहिली त्या मठांची रीत घालून दिली ती थोरलीने. नावाचा ओघ असा चारशे वर्षांवरून वाहत आला आहे.

आपल्या मुंबईशीही तिचे नाते जुने आहे. 1720 साली इंग्रजांनी मुंबई बेटावरच्या पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्र्यांना घालवून दिले आणि इथल्या कॅथलिकांचा कारभार इटालियन कार्मेलाइट साधूंकडे सोपवला. त्यांच्या त्या वेळच्या बिशपचे नावच मुळी मॉरिस ऑफ सेंट तेरेसा असे होते. पुढे शंभरावर वर्षे याच पंथाचे साधू या शहरात होते. गिरगावात तेरेसाच्या नावाचे चर्च आहे. त्यावरून ट्राममधून आणि बसमधून पिढ्यान् पिढ्या माणसे गेली. पण ही कोण बाई, हे विचारायला कुणाला सवड होती? मलाही ती फार उशिरा मिळाली.

तेरेसाचा जन्म 28 मार्च 1515 चा, तटबंदीने वेढलेल्या आव्हिला नगरातल्या एका सुखवस्तू घरातला. तिच्या घरात एक गोष्ट मात्र कुलूप लावून ठेवलेली होती. तिचे आजोबा हुआन सांचेस हे तोलेदोचे कापडव्यापारी, ज्यू वंशातून ख्रिस्ती झालेले. गुपचूप जुना धर्म पाळल्याबद्दल 1485 साली त्यांना इन्क्विझिशनपुढे उभे राहावे लागले आणि प्रायश्चित्ताचा डगला अंगावर घालून शुक्रवारमागून शुक्रवार शहरातल्या देवळांतून लोकांच्या देखत फिरावे लागले. पुढे कुटुंब आव्हिलाला आले आणि मुलांनी दावा लढवून उमरावकीचा दाखला मिळवला. ‘शुद्ध रक्त’ हा त्या वेळच्या स्पेनचा सोवळ्याओवळ्याचा खेळ होता. तेरेसाच्या चरित्रकारांनाही हे सत्य विसाव्या शतकात, जुने कोर्टाचे कागद हाती आल्यावर कळले. तिने मात्र ते आयुष्यभर जाणले असणार. नाहीतर घराण्याचा मोठेपणा आणि मानमरातब या गोष्टींचा तिला इतका तिटकारा का यावा? आपल्या मठात बापाच्या कुळावरून कुणी कुणाला लहानमोठे समजायचे नाही, असा तिचा दंडक होता. आपल्याकडे पंढरीच्या वाळवंटात जे म्हटले गेले, तेच हे.

सात वर्षांची असताना ती रोद्रिगो नावाच्या भावाचा हात धरून घरातून पळाली. मूरांच्या मुलुखात जायचे, तिथे त्यांनी आपली मान कापायची आणि मग थेट स्वर्ग, असा सोपा हिशेब होता. गावाच्या वेशीबाहेर काकांनी दोघांना गाठले आणि घरी आणले. थोडी मोठी झाल्यावर ती आईबरोबर शूर सरदारांच्या अद्‌भुत कादंबऱ्या वाचू लागली, वडिलांची नजर चुकवून. दिवाळी अंक उशीखाली लपवून वाचणाऱ्या आपल्या मुलींना ही तेरेसा परकी वाटू नये. आई मात्र ती तेरा-चौदा वर्षांची असतानाच गेली. आई बेआत्रिस चौदाव्या-पंधराव्या वर्षी लग्न होऊन आली होती. बाळंतपणामागून बाळंतपणे काढून तेहतिशीच्या आसपास संपली. घरात एकूण बारा भावंडे.

हे ध्यानात घेतल्याखेरीज पुढची गोष्ट समजायची नाही. त्या काळच्या बाईपुढे वाटा दोन, नवरा किंवा मठ. तेरेसाने मठ निवडला तो काही देवाच्या ओढीने उडी घेऊन नव्हे. तिने स्वतःच कबूल केले आहे की भीतीचा वाटा त्यात मोठा होता. 1535 सालच्या नोव्हेंबरात, विसाव्या वर्षी, वडिलांची परवानगी नसताना ती पहाटे घर सोडून गेली. त्या वेळी आपली हाडे सांध्यांतून निखळत आहेत असे तिला वाटले होते.

तिथे गेल्यावर काय दिसले? ‘इन्कार्नेशन’ नावाचा तो मठ म्हणजे एक गजबजलेली वसाहत होती. दीडशेच्या वर बायका. श्रीमंताच्या मुलीला स्वतंत्र दालने आणि दासी, गरिबाच्या मुलीला सामाईक निजायची खोली. बैठकीच्या दालनात दिवसभर पाहुण्यांची वर्दळ, गप्पा, भेटवस्तू. म्हणजे बाहेरचे जग उंबऱ्यातून पदर सावरून आत आलेलेच होते. थोड्याच वर्षांत ती भयंकर आजारी पडली. 1539 साली चार दिवस ती मेल्यासारखी पडून होती. खड्डाही खणून तयार होता आणि पापण्यांवर मेण ओघळलेले होते. शुद्धीवर आली ती अंग जखडलेल्या अवस्थेत. रांगत रांगत हिंडू लागायला जवळजवळ तीन वर्षे गेली. त्यानंतरची पंधराएक वर्षे तिच्या भाषेत कोरडी गेली. प्रार्थनेला बसावे आणि घटका कधी संपते याकडे कान लागावा. संतांच्या चरित्रात असा प्रामाणिक कंटाळा क्वचितच सापडतो. मला ती आवडू लागली ती इथून.

1554 च्या सुमाराला, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, जखमी येशूच्या एका मूर्तीपुढून जाताना तिला एकाएकी भरून आले, आणि त्यानंतर सारे बदलले. तिला दर्शने होऊ लागली, भान हरपू लागले. भोवतालचे विद्वान म्हणाले, हे सैतानाचे काम. त्या काळी हे बोल नुसते टोमणे नव्हते. त्यामागे चिता होती. 1559 साली तर लोकभाषेतली बरीच धर्मपुस्तके इन्क्विझिशनने बंद करून टाकली आणि लॅटिन न येणाऱ्या बायकांच्या हाती वाचायला काही उरले नाही. तेव्हा तेरेसा वाचणारी होती ती लिहिणारी झाली. तिच्या पाद्र्यांनी तिला हुकूम केला, तुला काय होते ते लिहून काढ, आम्ही तपासतो. म्हणजे तिचे आत्मचरित्र हे एका अर्थी आरोपीचा जबाब आहे! पण जबाब देता देता तिने स्पॅनिश गद्याला घरगुती बोलीचे तेज दिले. मी पडले अडाणी बाई, असे म्हणत म्हणत ती मोठमोठ्यांना जे सांगायचे ते सांगून जाते. पुढे शतकभराने आपल्या शिऊरच्या बहिणाबाईंनीही आपले आत्मचरित्र अभंगांत सांगितले. त्यांनाही आधी घरातल्या आणि जातीतल्या पुरुषांपुढे स्वतःला सिद्ध करावे लागलेच होते. दोघींची गाठ पडली असती तर भाषेवाचूनही त्यांचे जमले असते.

त्या आत्मचरित्रात प्रार्थनेच्या चार पायऱ्या तिने बागेच्या शिंपण्यावरून समजावल्या आहेत. पहिल्यांदा विहिरीतून पोहऱ्याने पाणी शेंदायचे. हात भरून येतात आणि कधी विहीरच कोरडी असते. दुसऱ्यांदा रहाट, थोड्या कष्टात जास्त पाणी. तिसऱ्यांदा ओढ्याचा पाट बागेत वळवायचा. आणि चौथ्यांदा पाऊस. त्यात माणसाचे काहीच नाही, सगळे वरच्याचे. हे कळायला ख्रिस्ती असावे लागत नाही. कोकणातल्या कुठल्याही माडीपोफळीच्या बागेत शिंपणे करणाराला ते एका दमात कळेल.

मग 24 ऑगस्ट 1562 रोजी तिने आव्हिलातच सेंट जोसेफचा छोटा मठ काढला. चार मुली, एक लहानशी घंटा, पायांत दोरीच्या वहाणा. म्हणून या शाखेला ‘अनवाणी’ कार्मेलाइट म्हणतात. गावात हलकल्लोळ झाला; नगरसभेने फिर्याद केली की उत्पन्नावाचून चाललेला हा मठ उद्या गावाच्या गळ्यात पडेल. तिचे नियम कडक पण साधे होते. बायका तेराच्या आसपास, पुढे फार तर एकवीस. हुंडा नाही म्हणून कुणाला परत पाठवायचे नाही. सूत काढून, शिवणकाम करून पोट भरायचे. दिवसातून दोन तास मौन ध्यान, आणि दोनदा एकत्र बसून हसायबोलायचेही. तोंड पाडून बसलेले संतपण तिला बिलकूल खपत नसे. भेटीच्या दालनाला जाळी आणि पडदा.

या जाळीपाशी मी बराच काळ अडखळलो. बाईने स्वतःला कोंडून घ्यावे यात मोठेपणा कसला? त्यातून 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने सगळ्याच जोगिणींवर बंद मठाची सक्ती केली. ती तर पुरुषांनी घातलेली कडी होती. आपल्या गोव्यातही असा मठ होता. आर्चबिशप आलेइशो दे मेनेझिस यांनी 1606 साली सांता मोनिकाच्या मठाचा पाया घातला. आशियातला बायकांचा हा पहिला बंद मठ समजतात. 1627 ला तो पुरा झाला, 1636 ला जळाला आणि पुन्हा बांधला गेला. श्रीमंत मुली आणि विधवा आपापले धन घेऊन आत जातात, अशी गोव्याच्या नगरसभेची तक्रार राजापर्यंत गेली होती. पोर्तुगीज सरकारने पुढे मठांवर बंदी आणली, नव्या मुली घेणे थांबले आणि उरलेल्या जोगिणींपैकी शेवटची 1885 साली वारली. जुन्या गोव्यात ती जाडजूड धिऱ्यांची इमारत आजही उभी आहे. मी तिच्या भिंतीला हात लावून पाहिला आहे. आत स्वेच्छेने किती गेल्या आणि धाडल्या किती गेल्या, हे भिंत सांगत नाही.

तेव्हा भिंत तीच, पण कडी कुणाच्या बाजूला आहे यावर सारे अवलंबून असते. इन्कार्नेशनमध्ये दारे उघडी होती आणि त्यांतून कुळाचा तोरा, देणगीदारांचा हुकूम आणि चुलत्या-मावश्यांचे रुसवेफुगवे सारे आत येत होते. तेरेसाने दार लावले ते आपण बाहेर जाऊ नये म्हणून नव्हे; ते सगळे आत येऊ नये म्हणून. आणि मौज अशी की, बंद मठांची ही आई स्वतः आयुष्याची शेवटची पंधरा वर्षे रस्त्यावर होती! झाकलेल्या खटाऱ्यात बसून, खेचरांच्या पाठीवर, पूर आलेल्या नद्या ओलांडत तिने एकूण सतरा मठ काढले. घरे विकत घेतली, कर्जे काढली, वकिलांशी भांडली. पोपच्या प्रतिनिधीने तिच्यावर ठपका ठेवला की ही अस्वस्थ, फिरस्ती, हट्टी बाई आहे आणि बायकांनी शिकवू नये हा नियम मोडून शिकवत सुटली आहे. तिचा तरुण सहकारी, थोर कवी संत योहान, म्हणजे जॉन ऑफ द क्रॉस, याला जुन्या पंथातल्याच लोकांनी तोलेदोला नऊ महिने एका अंधारकोठडीत कोंडले. इन्क्विझिशनने तिचे आत्मचरित्र तपासणीसाठी ओढून नेले, ते तिच्या हयातीत परत आलेच नाही.

अशा त्या वाईट वर्षात, 1577 च्या जून ते नोव्हेंबर या काळात, बासष्ट वर्षांच्या, डोकेदुखीने बेजार झालेल्या तेरेसाने आपला सर्वात मोठा ग्रंथ लिहिला, ‘अंतरीचा गड’. आत्मा म्हणजे स्फटिकाचा एक गड, त्यात सात महाल, आणि अगदी मधल्या महालात राजा बसलेला. आपण बहुतेक जण गडाच्या बाहेरच्या अंगणात सरड्याविंचवांत आयुष्य काढतो. आपल्याच घरात आत काय आहे हे आपल्याला ठाऊक नसते. पाचव्या महालात ती रेशमाच्या किड्याचा दाखला देते. किडा आपले घर स्वतः विणतो, त्यात मरतो आणि पाखरू होऊन बाहेर येतो. ते वाचताना मला आमच्या खात्यातली कापसाची धूळ अंगावर घेऊन रात्री घरी येणारे वडील आठवले. सातव्या महालात पोचल्यावर काय? तिथे समाधीत डुंबत बसणे नाही. तिथून माणूस पुन्हा कामाला लागतो. ध्यानाचा कस सेवेत उतरतो, असे तिचे रोखठोक मत आहे. स्वयंपाकघरात राबणाऱ्या जोगिणींना ती धीर देते की देव भांड्याकुंड्यांतही वावरतो. आपल्या जनाबाईच्या जात्याला हात लावणारा विठोबा आणि तेरेसाच्या पातेल्यांत फिरणारा हा देव एकमेकांना ओळखत असले पाहिजेत. एकनाथमहाराजांनी भागवत मराठीत आणले, तोही साधारण हाच काळ.

4 ऑक्टोबर 1582, गुरुवारी रात्री, प्रवासात आल्बा दे तोर्मेस या गावी ती वारली. दुसरा दिवस उजाडला तो शुक्रवार, तारीख 15 ऑक्टोबर! पोप ग्रेगरी तेरावे यांनी पंचांग सुधारले आणि मधले दहा दिवस गाळले, ते नेमके त्याच रात्री. आपल्याकडे एखाद्या तिथीचा क्षय होतो. तिच्या मरणाच्या रात्री एकदम दहा तारखांचा क्षय झाला. चाळीत मेणबत्ती लागायची ती 15 तारखेला का, याचे कोडे मला असे सुटले. 12 मार्च 1622 रोजी तिला संतपद मिळाले. त्याच दिवशी ते गोव्यात विसावलेल्या फ्रान्सिस झेवियरला आणि इग्नेशियस लोयोलालाही मिळाले. सात रस्त्याजवळ, आमच्या डिलाईल रोडपासून चालत जाण्याच्या अंतरावर जे चर्च आहे, ते याच इग्नेशियसच्या नावाचे. बायकांनी शिकवू नये असे जिला बजावले, तिला 27 सप्टेंबर 1970 रोजी रोमने ‘धर्माची आचार्या’ ही पदवी दिली. ती मिळवणारी ती पहिली स्त्री. यायला तीनशे अठ्ठ्याऐंशी वर्षे लागली.

हे सगळे मी का सांगत बसलो? माझ्या थोरल्या आत्यासाठी. ती एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन भावाकडे आली आणि जन्मभर आमच्या त्या खोलीत राहिली. कपाट आणि मोरी यांच्यामध्ये तिने एक लुगडे आडवे बांधून घेतले होते. पहाटे पाणी भरून झाले, पहिल्या पाळीचे डबे झाले, की ती तासभर त्या लुगड्याआड तुळशीची माळ घेऊन बसायची. तिला अक्षरओळख नव्हती. ‘आत्या गडावर गेली’ असे आम्ही पोरे हसत म्हणत असू, कारण तिथे हाक मारलेली चालत नसे. घरातली मोठी माणसे तिच्याविषयी हळूच ‘बिचारी’ म्हणत. मीही म्हटले आहे. पण मजल्यावर कुणाचे बाळंतपण अडले, कुणाच्या घरी संपात चूल पेटली नाही, कुणी दारू पिऊन बायकोवर हात टाकला, की हाक यायची ती तिलाच. त्या ख्रिस्ती शेजारणीचा नवरा गेला तेव्हा तीन रात्री ती तिच्यापाशी जाऊन बसली होती, आणि परत आल्यावर कुणी काही विचारले तर इतकेच म्हणाली, “तिच्याकडे पण एक बाई आहे भिंतीवर. रात्रभर लिहीत असते.”

पंधरा ऑक्टोबरच्या मेणबत्तीपाशी आत्या दर वर्षी हात जोडून येई. आम्हाला तो शेजारधर्म वाटे. आता चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. उंच उंच इमारती उठत आहेत आणि त्यांत प्रत्येकाला दार लावायला आपापली खोली मिळेल, याचा मला मनापासून आनंद आहे. आत्याला ती मिळाली नाही. एकशेसाठ चौरस फुटांत, नऊ माणसांत, एका जुन्या लुगड्याआड तिने आपले काम भागवले. ती कितव्या महालापर्यंत गेली होती, हे मी तिला कधी विचारले नाही.